दुखऱ्या व सुजलेल्या पायांसाठी सुयोग्य पादत्राणे

पादत्राण हा आपल्याकडे पोशाखातील सर्वांत शेवटचा भाग मानला जातो. घरात कापडचोपड घेताना जेवढा विचार होतो, तेवढा चप्पल घेताना क्वचितच होतो. वयस्कर माणसांच्या बाबतीत तर मुलांनी वापरून टाकलेल्या चपलाच पुष्कळदा त्यांच्या वाट्याला येतात. निरोगी पायांना हे चालून जाते, कारण चप्पल चावू लागली की पाय लगेच तक्रार करतो आणि माणूस ती काढून ठेवतो. परंतु ज्याच्या पायांच्या मज्जातंतूंनाच कायमची इजा झाली आहे, ज्याचे तळवे रात्रंदिवस जळतात आणि ज्याचे पाय दुपार टळली की सुजू लागतात, अशा माणसाला ही बेपर्वाई परवडत नाही. त्याच्या दृष्टीने योग्य पादत्राण हा औषधोपचाराचाच एक भाग होय.

अशा माणसांची संख्या थोडी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. कुष्ठरोगातही हेच घडते. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, परंतु उपचारापूर्वी निकामी झालेले मज्जातंतू पुष्कळदा पूर्ववत होत नाहीत आणि पायांची बधिरता जन्मभर राहते. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, दीर्घकाळचे मद्यपान, कर्करोगावरील काही औषधे यांमुळेही पायांत अशा वेदना उद्भवतात. कारणे भिन्न असली, तरी पायाच्या रक्षणाचे नियम बहुतांशी सारखेच आहेत.

जळजळ आहे, पण जाणीव नाही

मज्जातंतूंच्या इजेतून येणारी वेदना ही ठेच लागल्याच्या किंवा काटा रुतल्याच्या वेदनेहून निराळी असते. तळवे भाजल्यासारखे होतात, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ उठते. रात्री अंथरुणात त्रास वाढतो. काहींना पायावर पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. या वेदनेमुळे रुग्णाची, आणि त्याच्या घरच्यांचीही, अशी समजूत होते की, पाय एवढा दुखतो आहे त्याअर्थी त्याची संवेदना शाबूत असली पाहिजे.

नेमकी येथेच फसगत होते. बिघडलेला मज्जातंतू विनाकारण वेदनेचे संदेश पाठवीत राहतो, आणि खरी इजा झाली असता मात्र संदेश पाठवीत नाही. रात्रभर जळणाऱ्या त्याच तळव्यात दिवसा खिळा घुसला तरी कळत नाही, असे घडू शकते. म्हणून अशा पायाला चप्पल सोयीची आहे की नाही हे त्या पायालाच विचारून भागत नाही. घट्ट पादत्राण त्याला बरे वाटते, कारण घट्टपणामुळे थोडीतरी जाणीव होते. आणि योग्य मापाचे पादत्राण सैल वाटते. या पायाचे पादत्राण डोळ्यांनी पाहून, हातांनी चाचपून आणि मोजमाप घेऊनच निवडावयास हवे. या लेखातील पुढील सर्व सूचनांचे सार एवढेच आहे.

पायाची संवेदना तपासण्याची रीत सोपी आहे. नायलॉनचा एक विशिष्ट धागा तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. त्या वेळी त्वचेवर १० ग्रॅम भार पडतो. रुग्णाने डोळे मिटलेले असताना हा स्पर्श त्याला समजला नाही, तर तळव्याची संरक्षक संवेदना गेली आहे असे मानण्यात येते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा पायांची अशी तपासणी करून घेणे इष्ट होय.

वेल्लोरने शिकविलेला धडा

बधिर पायांसाठी पादत्राणे तयार करण्याच्या शास्त्राचा मोठा भाग भारतात घडला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडतात, मांस आपोआप सडते, असा त्या काळी वैद्यकक्षेत्रातही समज होता. डॉ. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या जखमांचा बारकाईने अभ्यास केला. बहुतेक जखमा रोगाने होत नसून, वेदनेची जाणीव नसल्यामुळे होणाऱ्या साध्या इजांमधून त्या उद्भवतात असे त्यांना दिसून आले. रुग्ण तापलेले भांडे हाताने उचलत होते, आणि तळव्यावर फोड आला असतानाही न लंगडता चालत होते.

त्यांच्या अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. तळव्यावरील व्रण पुष्कळदा एखाद्या मोठ्या आघाताने होत नाही. चालताना एकाच जागी पुनःपुन्हा पडणाऱ्या मध्यम दाबाने तो होतो. निरोगी माणूस दोन-चार मैल चालल्यावर नकळत पाऊल टाकण्याची ढब बदलतो आणि दुखरी जागा वाचवितो. बधिर पायाचा माणूस मात्र त्याच जागेवर तोच भार हजारो वेळा टाकीत राहतो. त्वचेखालील मांस आतल्या आत दुखावते, तेथे घट्टा पडतो, घट्ट्याखाली रक्त साकळते आणि एक दिवस जखम उघडी पडते.

यावरचा उपाय साध्या गणिताने समजू शकतो. समजा, एखाद्याचे वजन ६० किलो आहे. चालताना एक पाऊल उचलले की हा सर्व भार दुसऱ्या पावलावर येतो. तो १०० चौरस सेंटिमीटर जागेवर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम भार पडेल. परंतु तो चवड्याच्या उंचवट्याखालील केवळ १५ चौरस सेंटिमीटरवर एकवटला, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो भार येईल. पादत्राणाचे मुख्य काम म्हणजे हा भार अधिकाधिक जागेवर पसरविणे. त्यासाठी तळ मऊ हवा, पण लगेच चेपून सपाट होणारा नको. सूक्ष्म छिद्रांचे रबर, म्हणजेच मायक्रोसेल्युलर रबर, या कामी उपयुक्त ठरले. आज आरोग्य खात्यात आणि बाजारात ‘एम.सी.आर. चप्पल’ या नावाने जी ओळखली जाते, ती हीच होय. वेल्लोरजवळील करिगिरी येथे १९५५ साली सुरू झालेल्या कुष्ठरोग संशोधन व प्रशिक्षण केंद्राचाही या कामात मोठा वाटा आहे.

डॉ. ब्रँड पुढे अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. कुष्ठरोग्यांच्या पायांविषयी भारतात मिळालेले ज्ञान तेथून मधुमेहाच्या रुग्णांच्या उपयोगी पडू लागले. आज जगभर मधुमेही पायांच्या रक्षणासाठी जी तत्त्वे सांगितली जातात, त्यांपैकी कित्येकांचे मूळ अशा रीतीने दक्षिण भारतातील कुष्ठरोगकार्यात आहे.

सूज : आधी कारण, मग पादत्राण

पाय सुजत असेल तर मोठ्या मापाची चप्पल घेऊन प्रश्न मिटत नाही. प्रथम सुजेचे कारण शोधले पाहिजे. दोन्ही पायांवर येणारी सूज हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांच्या विकाराचे लक्षण असू शकते. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने किंवा उभे राहिल्यानेही ती येते. काही औषधांमुळेही पाय सुजतात. रक्तदाबावरील अम्लोडिपिन, त्याचप्रमाणे मज्जातंतूंच्या वेदनेवर देण्यात येणारी प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिन ही औषधे त्यांपैकी होत. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. हत्तीरोगातील सूज ही आणखी निराळी असून, त्या पायाची रोजची स्वच्छता हा तिच्यावरील उपचाराचा पाया आहे.

एकच पाय अचानक सुजला, लाल झाला आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागू लागला, तर मात्र एक दिवसही दवडू नये. जंतुसंसर्ग, शिरेत रक्ताची गुठळी होणे अथवा बधिर पायातील हाडे ठिसूळ होऊन मोडणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. यांतील शेवटच्या विकाराचे वर्णन फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली केले. त्यांच्या नावावरूनच तो आजही ओळखला जातो. त्यात दुखणे बेताचेच असल्यामुळे रुग्ण चालत राहतो आणि पायाची कमान कायमची ढासळते. अशा पायाला चप्पल शोधण्याची ती वेळ नव्हे. त्याला पूर्ण विश्रांती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्लास्टर यांची गरज असते.

सुजेवर घट्ट पट्टी किंवा दाब देणारे मोजे वापरण्यापूर्वीही वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्यास असा दाब घातक ठरतो.

माप कसे घ्यावे

सुजऱ्या पायाचे माप सकाळी घेतले तर तीच चप्पल संध्याकाळी काचू लागते. म्हणून माप दिवस मावळताना, पाय सर्वाधिक सुजलेले असताना घ्यावे. ते बसून न घेता उभे राहून घ्यावे, कारण भार पडला की पाऊल लांब व रुंद होते. दोन्ही पावले क्वचितच सारखी असतात. यासाठी दोहोंचे माप घेऊन मोठ्या पावलाप्रमाणे जोड निवडावा.

गावात मापाची पट्टी नसली तरी अडत नाही. जाड कागदावर उभे राहून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांभोवती रेघ काढावी आणि त्या आकृत्या कापून घ्याव्यात. दुकानात ही आकृती चपलेत किंवा बुटात सरकवून पाहावी. कागद कोठे दुमडला अथवा वर उचलला गेला, तर ते पादत्राण त्या पायाचे नव्हे असे खुशाल समजावे. रुग्णाला दुकानापर्यंत जाता येत नसेल, तर घरच्या माणसाने ही आकृती बरोबर न्यावी. ‘आठ नंबरचा जोड द्या’ असे सांगण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी विश्वसनीय आहे, कारण निरनिराळ्या उत्पादकांचे नंबर सारखे नसतात.

पादत्राणाची आतील लांबी पावलापेक्षा १ ते २ सेंटिमीटर अधिक असावी. रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाइतकी असावी. बूट असल्यास बोटांच्या वर पुरेशी उंची हवी. बोटे वाकडी झालेली असतील तर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वाकड्या बोटांचे सांधे बुटाच्या छताला घासून तेथे व्रण होतात.

पादत्राणाची रचना

योग्य पादत्राणाचा तळ दोन थरांचा असतो. पायाला लागणारा आतील थर मऊ रबराचा, आणि जमिनीला टेकणारा बाहेरील थर काटा किंवा काच आत शिरू न देणारा, टणक व सहज न मुडपणारा. आतील थर बोटाने दाबला असता दबला पाहिजे आणि बोट काढताच पुन्हा वर आला पाहिजे. दबून तसाच राहणारा स्पंज प्रथम फार सुखद वाटतो, परंतु थोड्याच दिवसांत तो निरुपयोगी होतो.

चप्पल असल्यास तिला टाचेमागे पट्टा असावा. बिनपट्ट्याची चप्पल पायात टिकवून धरण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात. बधिर पायातून ती केव्हा निसटली हेही कळत नाही. वरचे पट्टे रुंद, आतून मऊ आणि कमीजास्त करता येतील असे असावेत. त्यासाठी बक्कल किंवा चिकटपट्टीचे बंद सोयीचे. सकाळी आवळलेला पट्टा दुपारी सैल करता आला, तर सुजेबरोबर चप्पलही जुळवून घेते. बूट निवडताना तो नाडीचा, पुढून पुरेसा उघडणारा आणि आतून शिवणीचे उंचवटे नसलेला असावा. टाच उंच नसावी, कारण टाच जेवढी उंच तेवढा चवड्यावरचा भार वाढतो.

या पादत्राणात खिळे मुळीच वापरू नयेत, हा नियम कधीही मोडू नये. तळ झिजला की खिळ्याचे टोक वर येते, आणि ज्या पायाला ते समजत नाही त्याच पायात ते शिरते. जोडणी शिवून किंवा चिकटवूनच करावी. दुरुस्तीच्या वेळी कारागिराला हे आवर्जून सांगावे.

नेहमीच्या वापरातील पादत्राणे

घरोघर वापरली जाणारी अंगठ्याची रबरी चप्पल या पायांना उपयोगाची नाही. तिचा पट्टा पहिल्या दोन बोटांमध्ये काचतो, तळ पातळ असल्यामुळे काटा सहज आरपार येतो आणि टाच मोकळी राहते. कडक प्लास्टिकच्या सँडल उन्हात तापतात, त्यांच्या कडा त्वचेला कापतात आणि आत घाम साचतो.

कोल्हापुरी चपलेविषयी अनेकांच्या मनात अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या काही जिल्ह्यांतील या कलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि तिचा तळ कमावलेल्या टणक कातड्याचा असतो, ती अंगठ्याच्या आधारावर पायात राहते आणि नवी असताना चावते. चावून चावून पायाला सरावणे हा तिचा रिवाजच आहे. निरोगी पाय तो सोसतो. बधिर पायाने तो सोसू नये. मात्र ज्या कारागिराच्या हातात असे काम करण्याचे कसब आहे, त्याला मऊ रबराचा आतला थर आणि मागचा पट्टा असलेली चप्पल पायाच्या आकृतीवरून बनविणे अवघड नाही. दुखऱ्या पायांना तयार मालापेक्षा गावच्या चर्मकाराचीच गरज अधिक आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

खेळाचे बूट अनेकांना सोयीचे वाटतात. रुंद चवड्याचे, जाड मऊ तळाचे आणि नाडीचे बूट जखम नसलेल्या पायाला पुष्कळदा पुरेसे होतात. पायाचा आकार बदललेला असेल किंवा पूर्वी व्रण होऊन गेला असेल, तर मात्र खास मापावर तयार केलेले पादत्राणच हवे.

वापरातील दक्षता

नवे पादत्राण पहिल्या दिवसापासून दिवसभर घालू नये. आरंभी एखादा तास वापरून पाय तपासावा. कोठे लाली उमटली असेल आणि ती लवकर मावळत नसेल, तर तेथे दाब पडत आहे असे समजावे. हळूहळू वेळ वाढवावा.

पादत्राण घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी ते झटकावे आणि आत हात फिरवून पाहावे. खडा, काटा, निघालेली शिवण, मुलांनी टाकलेले खेळणे, असे काहीही आत असू शकते. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. दृष्टी मंद असेल तर घरातल्या कोणी पाहावे. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावले चाचपल्यास गरम जागा लक्षात येते. जखम होण्यापूर्वीची ती सूचना असते.

पाय रोज धुवावेत आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. कोरड्या त्वचेला तेल किंवा मलम लावावे, पण बेचक्यांत लावू नये. मोजे सुती, सैल आणि रोज धुतलेले असावेत. शिवण बोचत असेल तर ते उलटे घालावेत. घट्टे व भोवऱ्या ब्लेडने कापू नयेत किंवा त्यांवर जाळणारे औषध लावू नये. जळजळ शमविण्यासाठी कित्येक जण तासन् तास थंड पाण्यात पाय बुडवून बसतात, तर काही जण गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतात. पहिल्याने त्वचा फुगून भेगाळते आणि दुसऱ्याने नकळत भाजते. दोन्ही टाळावेत. तळव्यांना गार वाटावे म्हणून घरात अनवाणी वावरण्याची सवयही मोडली पाहिजे. घरातल्यासाठी एक स्वच्छ जोड वेगळा ठेवावा.

वरून चांगल्या दिसणाऱ्या चपलेचाही आतील थर काही महिन्यांत चेपतो. बोटाने दाबल्यावर तो वर येईनासा झाला की जोड बदलावा. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना वर्षातून दोनदा एम.सी.आर. चपला देण्याची पद्धत आहे, ती याच कारणास्तव.

चपलेवरचा शिक्का

एवढे सारे असूनही या चपला मिळालेले कित्येक जण त्या घालीत नाहीत, हा आरोग्य कर्मचाऱ्यांचा अनुभव आहे. एका ठरावीक रंगाची व घडणीची चप्पल दिसली की ‘हा कुष्ठरोगी’ अशी कुजबूज सुरू होते. तेव्हा माणूस पायाचे रक्षण सोडून देतो आणि लोकांच्या नजरेपासून स्वतःचे रक्षण करतो. चप्पल पेटीत राहते आणि पाय अनवाणी शेतात जातो. ज्या राज्यात तपोवन, दत्तपूर आणि आनंदवन यांसारख्या संस्था उभ्या राहिल्या, त्या राज्यात तरी हे चित्र पालटावयास हवे.

त्यावर दोन उपाय दिसतात. पहिला, या चपला रंगाने व आकाराने चारचौघांच्या चपलांसारख्या बनविणे. दुसरा, त्या अधिक लोकांनी वापरणे. मधुमेहाचे रुग्णही आता अशाच तळाच्या चपला वापरू लागले आहेत. पतपेढीचा अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आणि कुष्ठरोगातून बरा झालेला शेतमजूर या तिघांच्या पायांत सारखीच चप्पल दिसू लागली, तर तिच्यावरचा शिक्का आपोआप पुसला जाईल.

गावपातळीवर काय करता येईल

या प्रश्नाचा मोठा भाग रुग्णालयाबाहेरचा आहे. तो गावातच सुटू शकतो. ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहासाठी तपासणी होते त्या वेळीच, मधुमेह आढळलेल्यांचे पाय आणि त्यांच्या चपलाही पाहण्याची प्रथा पडावी. आशा कार्यकर्तीला हे काम काही मिनिटांत करता येईल.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कुष्ठरोगमुक्त दिव्यांग व्यक्तींचा स्पष्ट समावेश आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाची असते. नियमांच्या चौकटीत या रकमेतून गरजू व्यक्तींसाठी योग्य पादत्राणांची तरतूद करता येईल काय, याचा विचार ग्रामसभेने अवश्य करावा. स्थानिक चर्मकाराला मऊ रबर उपलब्ध करून दिले आणि खिळ्यांविना जोडणी शिकविली, तर रुग्णाची सोय होईल आणि कारागिरालाही काम मिळेल.

देवळात, सभामंडपात आणि कार्यालयात पादत्राणे बाहेर काढण्याची आपली रीत आहे. उन्हाळ्यात मात्र फरसबंदी तापते आणि बधिर तळवे भाजतात. दर्शनाहून परतल्यावर पायाला फोड आलेले दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. विश्वस्त मंडळांनी वाटेवर काथ्याची चटई अंथरणे, सावलीची सोय करणे आणि अशा रुग्णांना आत वापरण्यासाठी स्वच्छ कापडी जोड घालू देणे, यात रीतीचा भंग होत नाही. ग्रामपंचायत कार्यालयात आणि शाळेत तर अशी सवलत एका सूचनेने देता येईल.

शिक्षकांना याहूनही अधिक करता येण्यासारखे आहे. संध्याकाळी घरी आजी-आजोबांना उभे करून त्यांच्या पावलांच्या आकृत्या काढाव्यात, त्या त्यांच्याच चपलांवर ठेवून पाहाव्यात आणि काय आढळले ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे, असा साधा उपक्रम सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना देता येईल. मापन, क्षेत्रफळ आणि दाब हे पाठ त्यातून आपोआप शिकविले जातील. पाव इंच बाहेर डोकावणारी करंगळी आणि चपलेच्या कडेवरून ओघळलेली टाच मुलांच्या नजरेस पडली, की घरातल्या मोठ्यांचीही नजर तिकडे वळेल.

पायाची जखम चिघळली की शस्त्रक्रिया, कर्ज, बुडालेली मजुरी आणि शेवटी परावलंबन ही मालिका सुरू होते. योग्य चपलेने मज्जातंतू दुरुस्त होत नाहीत आणि जळजळही पूर्णपणे थांबत नाही. तिच्यासाठी औषधे व रक्तातील साखरेचे नियंत्रण लागतेच. मात्र दुखणारा पाय जखमेवाचून शाबूत ठेवणे, आणि त्या पायांवर माणसाला आपल्या कामावर, बाजारात आणि शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत जाता येणे, एवढे त्या चपलेने खात्रीने साधते. त्यासाठी लागतो एक कागद, एक पेन्सिल, बोटभर जाडीचे मऊ रबर आणि घरातल्या कोणीतरी रोज रात्री त्या तळव्यांकडे टाकलेली एक नजर.